ढींगरा सर सोडत नाहीत

माणसाची किळस करू नये, असं आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून बजावलं होतं. फिजिओथेरपी शिकताना तर ते माझ्या चांगलंच अंगवळणी पडलं. घाम, लाळ, प्लास्टर काढलेल्या पायावरची खपली, महिनाभर अंथरुणात पडलेल्या माणसाच्या पाठीचा वास, कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मग लग्न होऊन मी सांगलीहून चंडीगडला आले, ढींगरा सरांच्या क्लिनिकमध्ये नोकरीला लागले, आणि आईची शिकवण पहिल्या दिवशी दुपारच्या आतच संपली.

पेशंटची किळस मला तेव्हाही आली नाही आणि आजही येत नाही. आली ती सरांची.

क्लिनिक एका सेक्टरच्या मार्केटमध्ये पहिल्या मजल्यावर होतं. खाली टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं शोरूम, आणि बाजूनं वर जाणारा उभा, अंधारा जिना. लिफ्ट नाही. गुडघे, खुबे आणि कंबर दुखणाऱ्या लोकांसाठी जिन्यावर दवाखाना थाटणारा माणूस कसा असेल, असा विचार करत मी वर चढले. सर टेबलामागे बसून मुळ्याचे पराठे खात होते. साठीला टेकलेले, अघळपघळ, पोट टेबलाच्या कडेवर आरामात ठेवून दिलेलं. मी फाइल पुढे केली, ती त्यांनी कोपरानं बाजूला सारली.

"हाथ दिखाओ, पुत्तर."

मला वाटलं, शेकहँड करायचाय. त्यांनी तुपाच्या बोटांनी माझा हात धरला, उलटा केला, अंगठा मागे वाकवून पाहिला, तळवा दाबला. "ठीक है. अंगूठा मजबूत है. कल से आ जाओ," म्हणाले आणि पुन्हा पराठ्याकडे वळले. मी खाली आले. शोरूममध्ये भिंतभर चकचकीत नळ लावलेले होते आणि एकालाही पाणी नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी तो हात अंगापासून लांब धरून ठेवला. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, लागलंय का म्हणून.

सरांच्या हाताबद्दल सांगितल्याशिवाय सर कळणार नाहीत. मोठे, मऊ आणि बारा महिने ओलसर हात. त्यांना ओव्याच्या तेलाचा, मुळ्याचा आणि मशीनच्या जेलीचा असा एकत्र वास यायचा. पेशंटच्या पाठीला जेली लावून झाली की हात पडद्याला पुसायचे. आमचे पडदे मुळात निळे होते, पण सरांच्या कमरेच्या उंचीला ते पापडासारखे कडक झाले होते. कानात खाज आली की ॲक्टिव्हाची किल्ली घालायचे. कुणाचा तरी पाय खांद्यावर घेऊन ताण देत असतानाच त्यांना नेमकी ढेकर यायची, आणि ती द्यायला ते तोंड वळवायचे नाहीत. बोलायचे तर समोरच्याच्या इतक्या जवळ जाऊन की त्यांनी सकाळी काय खाल्लं हे आपल्याला शब्दांच्या आधी समजावं. सगळ्या बायका 'मम्मीजी', सगळे पुरुष 'बादशाहो', आणि मी 'पुत्तर'.

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून अधिकाऱ्यांच्या बायका यायच्या. कडक इस्त्रीचे कुडते, मंद सेंट, वेळेच्या पक्क्या. पहिल्या दिवशी त्या रुमाल नाकाशी धरून बसायच्या आणि महिनाभरानं त्याच सरांसाठी गाजराच्या लोणच्याची बरणी घेऊन यायच्या. सर ते लोणचं त्यांच्यासमोरच बोटानं काढून चाखायचे. बायका खुशीत हसायच्या. मला हे कोडं कधी सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्या बायकांचाही राग यायचा.

जिन्याबद्दल मी एकदा तावातावानं बोलले. हे लोक वर कसे चढणार, आपण खाली जागा का बघत नाही, वगैरे. सर खुर्चीत मागे रेलले.

"बैठ. सुन." खाली कुणीतरी जिना चढायला सुरुवात केली होती. सरांनी डोळे मिटले. "जनाना है. दायाँ घुटना. रेलिंग बाएँ हाथ से पकड़ी है, उलटी तरफ से. और थैला उठाया हुआ है, मना किया था मैंने." दारात एक बाई धापा टाकत उगवल्या. उजवा गुडघा, हातात भाजीची पिशवी. सर त्यांच्यावर असे ओरडले की खालच्या शोरूममधून माणूस बघायला आला. मला वाटलं होतं, सर आता जिन्याचं काहीतरी तत्त्वज्ञान सांगतील. ते म्हणाले, "नीचे जगह महंगी है."

'छड्डना नहीं', म्हणजे सोडायचं नाही, हा त्यांचा मंत्र. आखडलेला पाय ताणून धरला असेल आणि पेशंट किंचाळत असेल, तरी छड्डना नहीं. पेशंट दोन दिवस आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर मुलाला फोन, मुलानं नाही उचलला तर थेट घर. लोक अक्षरशः त्यांच्यापासून लपत. एका बँकेतल्या बाईंचा खांदा आखडला होता. सरांनी तो इतका रेटला की बाई टेबलावरच बेशुद्ध पडल्या. ही सरांची चूक होती, ढळढळीत चूक, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. बाई अर्थातच पुन्हा आल्या नाहीत. सर त्यांच्या घरी गेले. नवऱ्यानं फाटकातूनच हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा गेले, पुन्हा हाकललं गेलं. शेवटी त्या लोकांनी पोलिसांना बोलवायची धमकी दिली, तेव्हा सर माझ्याकडे बघून खिन्नपणे म्हणाले, "कंधा बेचारा आधे रास्ते में रह गया." त्या बाईंचं काही नाही. यांना दुःख खांद्याचं!

मशीनची गोष्ट तर याहून वाईट. क्लिनिकमध्ये दुखरा भाग आतून शेकणारं अल्ट्रासाउंडचं एक मशीन होतं. तिथल्या लोकांना हातांपेक्षा मशीनचा भरवसा जास्त. मुल्लानपूरकडचे जमीनदार असोत की इंडस्ट्रियल एरियातले कामगार, वर आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "डॉक्टर साब, मशीन लगवा दो." सर लावायचे. दिवा लागायचा, गूं गूं आवाज व्हायचा, पेशंट डोळे मिटून धन्य व्हायचा. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की मशीनच्या, अंगावर फिरवायच्या डोक्यावर पाण्याचे थेंब टाकून बघायचे. मशीन चालू असेल तर थेंब थरथरतात, उडतात. एका दुपारी मी टाकून बघितले. थेंब ढिम्म. मी मशीनचा जोर पूर्ण वाढवला तरी ढिम्म. मी धावत सरांकडे गेले.

"सर, मशीन बंद आहे. मेलंय ते."

सर पिन्नी खात होते. पिन्नी म्हणजे तिथला कणकेचा, गुळातुपाचा लाडू. "पता है," ते म्हणाले. "कब की मर गई."

"मग तुम्ही ते लोकांना लावता कसे?"

"मरी हुई मशीन किसी को जलाती नहीं, पुत्तर." त्यांनी बोटं चाटली. "बिना मशीन के वो टिकते नहीं. मशीन लगी रहे तो चुपचाप लेटते हैं. फिर मैं हाथ डालता हूँ."

हे ऐकून मला इतकी शिसारी आली की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ही फसवणूक आहे, शुद्ध फसवणूक, आणि ती बोटं चाटत चाटत सांगितल्यानं काही कमी होत नाही. मी त्या दिवसापासून ते मशीन कुणालाही लावलं नाही. माझे निम्मे पेशंट मात्र पडद्यापलीकडे सरांच्या टेबलावर जाऊन झोपायला लागले.

पण सगळ्यात कहर झाला तो मुल्लानपूरला. आमचे एक सरदारजी पेशंट वारले. त्यांच्या शेतात आता उंच इमारती उभ्या राहत होत्या. गुरुद्वारात त्यांच्या भोगाला, म्हणजे शेवटच्या पाठाला, सर मलाही घेऊन गेले. सर रडले. खरंच रडले, माझ्या शेजारी बसून, नाक ओढत. मला जरा बरं वाटलं, म्हटलं आहे बाबा माणूस. तेवढ्यात सरदारजींच्या पत्नी उठून सुनेच्या आधारानं पलीकडे चालत गेल्या. सरांचं रडणं थांबलं. त्यांनी मला कोपर मारलं.

"देख, देख. बायाँ कूल्हा. हर कदम पे गिर रहा है."

मी डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही. लंगरच्या पंगतीत सर सरकत सरकत त्या माउलीच्या समोर जाऊन बसले आणि वरणाचा घास तोंडात असतानाच म्हणाले, "मम्मीजी, आप ये पैर घसीटते हो. सोमवार को आ जाओ." नवरा जाऊन पंधरवडा झाला नव्हता. माझी मान वर होईना. परतताना मी स्कूटरवर मागे बसायला नकार दिला आणि बसनं आले.

आणि त्या बाई सोमवारी आल्या. जिना चढून, पांढरा दुपट्टा डोक्यावर घेऊन, आल्या. हळूहळू त्यांचा खुबा सुधारलासुद्धा. त्या सरांच्या डोक्यावरून हात फिरवून जायच्या तेव्हा मला स्वतःचाच संताप यायचा, कारण मला त्या बाईंसाठी आनंद व्हायचा आणि तो सरांच्यामुळे झालेला मला नको असायचा.

मग मी तिथे राहिले कशाला? नवरा रोज हेच विचारायचा. त्याचं ऑफिस मोहालीत, तिथे काचेच्या इमारतींमध्ये झकास क्लिनिक्स होती, थंडगार, वास नसलेली. दोन ठिकाणी मी जाऊनही आले. तिथे नव्या मुलींना पेशंटला वायरी जोडून घड्याळ लावायचं काम. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात माणसाच्या अंगाला हात लावायला दिला. माझा अंगठा पेशंटच्या पाठीवर ठेवायचे आणि त्यावर आपला तो ओला हात ठेवून दाबायचे. "रुक. अभी नहीं. अभी नहीं. अब." आणि त्या 'अब'ला खरंच आतला स्नायू सुटायचा, मला अंगठ्याखाली कळायचं. शिकायचं असेल तर तो हात आपल्या हातावर घ्यावा लागायचा, दुसरा रस्ता नव्हता. मी दात आवळून शिकले आणि संध्याकाळी घरी जाऊन डेटॉलनं हात धुतले.

त्या थंडीत माने काका आले.

काका कराडचे शिंपी. तिथल्या बाजारपेठेत त्यांचं दुकान, मागे घर. मुलगा महेश मोहालीत आयटीत, जवळच्याच खरड गावात फ्लॅट. दोन महिने राहायला म्हणून काका-काकू आले आणि इथेच काकांना झटका आला. उजवी बाजू गेली. समोरच्याचं सगळं समजायचं, पण स्वतःला बोलायला दोनच शब्द उरले होते, 'नको' आणि 'शी'. महेश आणि शोरूमचे दोन हमाल यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. पांढराशुभ्र इस्त्रीचा पायजमा, नीट विंचरलेले केस, आणि उजव्या मुठीत एक पिवळा रबरी चेंडू. हसरं तोंड काढलेला. सोसायटीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, चेंडू दाबत राहा, हातात ताकद येईल.

सरांनी तो चेंडू काढून सरळ खिडकीतून फेकून दिला. पार्किंगमध्ये कुणीतरी ओरडलं.

"मुट्ठी तो पहले से बंद है," ते महेशवर खेकसले. "और बंद करना सिखा रहे हो? इसे खुलना सीखना है." हे बरोबरच होतं. अशा हाताला चेंडू दिला की मूठ आणखी घट्ट होत जाते. फक्त मी ते खिडकी न वापरता सांगितलं असतं. बोलून झाल्यावर सरांनी ढेकर दिली. काकांनी मान वळवली.

"शी."

माझं आणि काकांचं त्या क्षणी जमलं.

काकू माझ्याशी बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्या परक्या मुलखात मराठी ऐकून त्यांना भरून यायचं. "ह्यांला कराडला जायचंय बघ, पोरी," एकदा म्हणाल्या. "झोपंतबी डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरवत्यात, कापड बेतल्यावानी." महेशनं अट घातली होती आणि ती चुकीची नव्हती. आप्पा स्वतःच्या पायांवर उठून चालू लागले की तिकीट, तोवर नाही. तिथे आई एकटी त्यांना उचलणार कशी? म्हणजे उठता आलं तर कराड, आणि मूठ उघडली तर दुकान. नाहीतर खरडच्या सहाव्या मजल्यावरची खिडकी. काकांना हे सगळं स्वच्छ कळत होतं आणि त्यावर एक अक्षर बोलता येत नव्हतं.

सर त्यांच्या मागे लागले. काकांचा चांगला हात स्वयंपाकघरातल्या जाड हातमोज्यात घालून वर पट्टी बांधून टाकायचे, म्हणजे आजारी हाताला काम करावंच लागेल. "अच्छा हाथ सब काम खुद कर लेता है, इसलिए दूसरा सीखता नहीं." काका त्या मोज्याकडे असे बघायचे की मला बघवायचं नाही. खुर्चीतून उठण्याचा सराव तर रोजचा. पाय मागे घे, छाती पुढे, नाक गुडघ्यांच्या पुढे आण, आता उठ. काका जरासे वर यायचे आणि धप्पकन बसायचे. "फिर से, बादशाहो." धप्प. "फिर से." सरांचा घाम काकांच्या बाहीवर पडायचा. काका बाहीकडे बघायचे आणि म्हणायचे, "शी." आठवड्यांवर आठवडे हेच. एक दिवस त्यांनी डोळे मिटून घेतले, "नको" म्हणाले आणि पुन्हा उघडलेच नाहीत. महेशचा फोन आला. आप्पांचं ब्लडप्रेशर वाढतंय, ते सरांना बघूनच चिडतात, आपण थांबवूया.

माझं मत विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, थांबवा. काकांना त्या माणसापासून सोडवा.

"छड्डना नहीं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून, मला मागे बसवून, ॲक्टिव्हावर खरडला. न सांगता, न विचारता. काका सोफ्यावर बसले होते. सर त्याच सोफ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले, इतक्या जोरात की काका त्यांच्याकडे कलंडले. मला वाटलं आता व्यायाम घेतील. त्यांनी काकूंकडे पोहे मागितले. मचमच आवाज करत बशीभर पोहे खाल्ले, टीव्ही बघितला, किल्लीनं कान साफ केला आणि तासाभरानं उठले. काकांच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही.

हे रोज सुरू झालं. काका सोफ्यावर इंचाइंचानं सरकायचे, सर तितकेच त्यांच्यामागे सरकायचे. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, ह्यो माणूस रोज कशापायी येतोय? ह्याला घरदार न्हाई व्हय?"

"काकू, मला नका विचारू. मला स्वतःला लाज वाटते."

"आणि किती खातोय गं!"

एका सकाळी पोहे झाल्यावर सरांनी पायातला मोजा काढला. पाय टीपॉयच्या कडेवर ठेवला, खिशातून नेलकटर काढलं आणि दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून, पायाची नखं कापायला सुरुवात केली. मी दारात उभी होते. कट्. कट्. तिसरं नख उडालं आणि काकांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यावर, बरोबर मांडीवर, जाऊन पडलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या.

"शी!"

आणि त्यांचे पाय मागे आले. छाती पुढे गेली. डावा हात सोफ्याच्या कडेवर टेकला, आणि माने काका उठून उभे राहिले.

काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं. काका थरथरत होते, पण उभे होते. मी धावणार तेवढ्यात सर हळू आवाजात म्हणाले, "पीछे जा. छूना मत." त्यांनी मान वर केली नव्हती. ते पुढचं नख कापत होते. मी काकांच्या मागे दोन्ही हात पसरून उभी राहिले. काकांनी डावा पाय टाकला, उजवा ओढला, पुन्हा डावा, आणि सरांपासून दूर, खिडकीपाशी जाऊन ते पाठ करून उभे राहिले. काकू पदर तोंडात कोंबून रडत होत्या.

परतताना मी स्कूटरवर ओरडून विचारलं, "सर, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाखून बढ़ गए थे," सर म्हणाले.

मुद्दाम केलं की नाही, हे मला आजही माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. मुद्दाम केलं असलं तरी ते नख होतं, आणि ते मीच उचलून टाकलं.

त्यानंतर काका पुन्हा क्लिनिकला यायला लागले. आधी दोघांच्या आधारानं जिना चढले, मग एकाच्या, आणि उन्हं तापायला लागली तेव्हा नुसता कठडा धरून. महेशनं तिकिटं काढली. स्टेशनवर आम्ही निरोपाला गेलो. सरांना कुणी बोलावलं नव्हतं, तेही आले, हातात पिन्नीचा डबा. काकांनी कुणालाही हात लावू दिला नाही. डावा हात दांड्यावर, एक पाय, मग दुसरा, आणि ते डब्यात चढले. दारात वळून त्यांनी सरांकडे पाहिलं. ओठ हलले. कितीतरी वेळ काही निघेना. मग एकेक शब्द ढकलत बाहेर आला.

"तुझं... थोबाड... परत... दाखवू... नगंस."

काकू कपाळाला हात लावून "अगं बाई" म्हणाल्या. सरांनी मला विचारलं, "क्या बोले?" मी एकही शब्द सौम्य न करता हिंदीत सांगितलं. मला त्यात आनंदच झाला.

"पूरा बोला? सारा?" सर माझ्या खांद्याला धरून हलवत होते. मग खिडकीशी धावले. "भाभीजी! कल से सुबह आठ बजे, वीडियो कॉल! हाथ बाकी है!"

त्यांनी काकूंना पद्धत सांगितली. फोन काकांच्या उजव्या बाजूला टेबलावर उभा करायचा. काकूंनी डाव्या बाजूला बसून त्यांचा चांगला हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवायचा. फोन काकूंनी बंद करायचा नाही, सर बंद करणार नाहीत. बंद करायचा असेल तर काकांनी, त्या हातानं.

रोज सकाळी आठला हा प्रकार. सर पराठा खात फोन इतका जवळ धरायचे की तिकडे कराडला फक्त चावणारं तोंड दिसत असणार. तिकडून "शी" यायचं. पुढे पुढे "शी"च्या जोडीला अस्सल कराडी शिव्याही यायला लागल्या, आणि सर मला प्रत्येकीचा अर्थ विचारायचे. मग काकांचा उजवा हात टेबलावरून सरपटत यायचा आणि बंद मूठ फोनवर आदळायची. फोन आडवा. आम्ही कराडच्या घराचा पंखा बघत बसायचो. काकू फोन उभा करायच्या, पुन्हा मूठ, पुन्हा पंखा. सरांचं झालं की मी माझ्या फोनवरून काकूंना काकांची बोटं कशी ताणायची, अंगठा कसा बाहेर काढायचा ते शिकवायचे. माझ्या मनातून मी हाताची आशा सोडली होती. तसं मी सरांना म्हटलंही. दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी पुन्हा फोन लावला.

मग नवऱ्याची पुण्याला बदली झाली. शेवटच्या दिवशी मी कोट परत करायला सकाळीच गेले. सुटका झाल्याचा आनंद होता, तो मी लपवतही नव्हते. आठ वाजले, सरांनी फोन लावला. तोंडात पराठा, हनुवटीवर तूप. मी त्यांच्या मागे उभी होते.

काकांचा हात आला. मूठ उचलली गेली. मी पंखा दिसायची वाट बघत होते, पण मूठ फोनच्या वर येऊन थांबली. थरथरत, तशीच हवेत थांबली. आणि त्या मुठीतून एक बोट वेगळं झालं. पहिलं बोट. वाकडं, अर्धवट, पण बाकीच्या बोटांपासून सुटलेलं. ते हळूहळू जवळ येत गेलं, मोठं होत गेलं, कात्रीनं घट्टे पडलेली त्याची कड मला दिसली, आणि मग पडदा काळा झाला.

काकांनी फोन कापला होता.

"काट दिया!" सर खुर्चीतून उठले, पराठा खाली पडला. "काट दिया ओए! मेरा फोन काट दिया!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातूनही. ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि तीच बाही माझ्या दिशेनं आली, तशी मी मागे सरकले. मीही रडत होते. मला काकांसाठी अतोनात आनंद झाला होता, आणि त्या माणसाच्या जवळ मात्र तेव्हाही जाववलं नाही.

सरांना माझ्याकडे बघायला वेळच नव्हता. त्यांनी जमिनीवरचा पराठा उचलला, फुंकला, तोंडात टाकला.

"एक बार से क्या होता है," ते म्हणाले आणि त्यांनी लगेच पुन्हा फोन लावला.